न्यूझीलंडचं दक्षिण बेट: नऊ रात्री, नऊ गाद्या आणि एक मोठा पोपट

कासारवडवलीकर | शनिवार, रात्री ११.२०

परत येऊन तीन आठवडे झाले. लिफ्टमध्ये, ऑफिसात, वॉकला जो भेटेल तो विचारतो, "काय मग, कसं होतं न्यूझीलंड?" मी "अप्रतिम!" म्हणतो आणि फोनमधले सहा ठरलेले फोटो दाखवतो. सहाच, कारण सातवा दाखवण्यासारखा नाही. इथे मला कोणी तोंडावरून ओळखत नाही, तेव्हा खरं काय ते लिहून टाकतो. ट्रिप फसली. चार माणसं, नऊ रात्री, साडेनऊ लाख रुपये, आणि डोळ्यांसमोर काय उरलंय तर वायपर.

टूर कंपनीबरोबर गेलो नव्हतो, त्यामुळे शिव्या घालायलाही कोणी नाही. सगळं मीच आखलं होतं. दिवाळीच्या सुट्टीत दक्षिण बेट, भाड्याची गाडी, चालवणार मी. तिथे वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून, आपलं स्मार्टकार्ड लायसन्स इंग्रजीत असल्यामुळे तेच चालतं. म्हटलं, देश परका असला तरी रस्ता ओळखीचा. बरोबर बायको, अकरावीतली मुलगी आणि माझे वडील. आबा चौऱ्याहत्तर वर्षांचे, एसटीत एकतीस वर्षं ड्रायव्हर. तिकडच्या घाटांचे व्हिडिओ बघून "एवढे बघायचे राहिलेत" असं तेच म्हणाले होते.

क्राइस्टचर्चच्या विमानतळावर खाण्याच्या वस्तूंबाबत फार कडक आहेत. फॉर्मवर लिहिलं नाही तर जागच्या जागी ४०० डॉलर दंड. आम्ही सगळं प्रामाणिकपणे लिहिलं होतं. भाजणी, मेतकूट पास झालं, बायकोने लपेटून आणलेला ताजा कढीपत्ता कचऱ्यात गेला. माझ्या बुटांच्या तळव्यांना येऊरची माती होती. तिथल्या बाईंनी बूट आत नेले, धुऊन पुसून परत आणून दिले. दुकानातून आणले तेव्हाही इतके स्वच्छ नव्हते. पुढच्या नऊ दिवसांत याहून चांगली सेवा मिळाली नाही, पण ते तेव्हा कुठे माहीत होतं.

माझं गणित असं होतं. आमणेहून समृद्धीवर चढायचं आणि शंभर-एकशेवीसने सुटायचं, ही डोक्यातली सवय. न्यूझीलंडमध्येही गावाबाहेर मर्यादा १०० ची. म्हणजे २६० किलोमीटर म्हणजे तीन तास. चला, तीन तासांत पुढचं गाव, मग दुपारभर फिरू. प्रत्यक्षात तिथला राष्ट्रीय महामार्ग म्हणजे येणारी एक लेन, जाणारी एक लेन, मध्ये दुभाजक नाही, वळणावर वळण आणि दर थोड्या वेळाने एकपदरी पूल. सरासरी साठ-पासष्टच्या वर जात नाही. हे मला दुसऱ्या दिवशी कळलं, पण तोवर नवाच्या नऊ रात्री बुक होत्या आणि एकही रद्द होणारी नव्हती.

टेकापो. तळ्याकाठचं १९३५ सालचं दगडी चर्च आणि त्याच्यासमोर जांभळी लुपिनची फुलं, हा फोटो तुम्ही शंभरदा पाहिला असेल. फुलं नोव्हेंबरच्या मध्यापासून येतात. आम्ही ऑक्टोबरच्या शेवटी. रात्री तारे बघायचे होते, हा भाग २०१२ पासून आंतरराष्ट्रीय डार्क स्काय रिझर्व्ह आहे. डार्क होतं. स्काय नव्हतं, ढग होते.

माउंट कुक, ३७२४ मीटर. माओरी नाव आओराकी, त्याचा अर्थ ढग भेदणारा असा सांगतात. आम्ही गेलो त्या दिवशी त्याने रजा घेतली असावी. पार्किंगमध्ये पंचवीस मिनिटं थांबलो, हिलरीच्या पुतळ्यापाशी फोटो काढला आणि क्वीन्सटाउनकडे निघालो. क्वीन्सटाउनबद्दल एवढंच की पार्किंग शोधण्यात पाऊण तास गेला आणि मला राम मारुती रोडची आठवण आली.

आता मिलफर्ड साउंड, उभ्या कड्यांमध्ये आत शिरलेली समुद्राची खाडी. ट्रिपचा मुकुटमणी म्हणून एक्सेलमध्ये ही ओळ पिवळी केली होती. ते बोवेन धबधब्याचं, समुद्रातून सरळ वर उठणाऱ्या मायटर पीकचं दृश्य. आम्ही टे अनाऊहून सकाळी सातला निघालो. १२० किलोमीटर, अकराची बोट. पाऊस असा की घोडबंदर रोडला जुलैमध्ये पडतो तसा, पण थंड. होमर टनेलपाशी लाल सिग्नल. बोगद्यातून एका वेळी एकाच बाजूची वाहनं सोडतात. गाडी थांबल्या थांबल्या एक हिरवट, कोंबडीएवढा पोपट बॉनेटवर येऊन बसला. त्याला केआ म्हणतात. जगात डोंगरावर, बर्फात राहणारा हा एकच पोपट. त्याने शांतपणे वायपरचं रबर उचकटायला सुरुवात केली. हॉर्न वाजवला तर माझ्याकडे बघून दाराच्या रबराकडे वळला. अक्षरशः पोपट झाला.

बोटीतून मायटर पीक दिसलं नाही. समोर पांढरं, वर पांढरं, खाली काळं पाणी. दीड तासाने उतरलो आणि त्याच रस्त्याने परत टे अनाऊ, आणि तिथून थेट वानाका. एका दिवसात पावणेपाचशे किलोमीटर. रात्री साडेदहाला पोचलो तेव्हा माझे खांदे आणि मान एकच हाड झाले होते.

मग हास्ट पास ओलांडून पश्चिम किनारा. फॉक्स ग्लेशियरला हिमनदी गावाच्या नावातच आहे, तेव्हा दिसेल अशी अपेक्षा. जवळ नेणारा रस्ता दरडीमुळे २०१९ पासून कायमचा बंद. हेलिकॉप्टर घेऊन वर बर्फावर उतरायचं ठरवलं होतं, पावसामुळे उड्डाण रद्द. पैसे मिळाले परत, तेवढं बरं. हॉकिटिकाला कपडे वाळवले. काइकोराला देवमासे बघायचे होते, समुद्र खवळलेला म्हणून बोट रद्द.

आणि शेवटी गाडी परत करताना बिल. डिझेल पंपावर स्वस्त दिसलं म्हणून डिझेलची गाडी घेतली होती. तर म्हणे डिझेल गाडीला किलोमीटरवर वेगळा कर. आमचे झाले होते २३४० किलोमीटर. करच दोनशे डॉलरच्या घरात. वर दाराचं रबर.

कोणाचा असा अनुभव आहे का? की आम्हीच पनवती?

---

पाचपाखाडी_प्रॉपर | शनिवार, रात्री ११.५२

साडेनऊ लाखांत पाऊस बघून आलात! इथे टेरेसवर फुकट होता हो, यंदा तर ऑक्टोबरपर्यंत होता. पोपटाचं वाचून हसून हसून पुरेवाट. फोटो टाका त्याचा.

---

वाचनमात्र | रविवार, सकाळी ७.०५

कंपनीबरोबर गेला असता तर निदान तक्रार करायला माणूस होता, आणि भाकरी-पिठलं मिळालं असतं.

---

नेरूळ_पश्चिम | रविवार, सकाळी ८.४०

मी भूगोल शिकवते, त्यामुळे गप्प बसवत नाही. पनवती वगैरे काही नाही. आपला सह्याद्री डोळ्यांसमोर आणा. अरबी समुद्रावरून वारा येतो, घाटमाथ्याला आदळतो, वर चढतो, थंड होतो आणि सगळं पाणी ताम्हिणी-महाबळेश्वरला ओतून रिकाम्या हाताने माण-खटावला पोचतो. दक्षिण बेटावर तेच, फक्त डोंगर दुप्पट-तिप्पट उंच आणि वारा वर्षभर पश्चिमेकडून. टास्मान समुद्रावरून येणारा तो वारा सदर्न आल्प्सला धडकतो. मिलफर्ड साउंडला वर्षाला साडेसहा मीटरच्या आसपास पाऊस पडतो. मिलिमीटर नाही, मीटर. आणि तिथून हवाई अंतराने दीडशे किलोमीटरही नसलेल्या अलेक्झांड्राला साडेतीनशे मिलिमीटर. म्हणजे ताम्हिणी आणि म्हसवड एका ताटात. त्यातून तुम्ही गेलात त्यांच्या वसंतात, तेव्हा हे पश्चिमी वारे जोरात असतात.

तेव्हा नऊपैकी पाच रात्री तुम्ही पर्जन्यछायेच्या चुकीच्या बाजूला किंवा अगदी कडेवर काढल्यात. मिलफर्डला कोरडं असण्याची अपेक्षा म्हणजे जुलैत आंबोलीला जाऊन "ऊन का नाही" विचारणं.

---

खोपटकर_ताई | रविवार, सकाळी ९.१५

अगं बाई! आमचं डिसेंबरचं बुकिंग आहे. आम्ही दोघं आणि दोन मुलं, दहा रात्री. आमचाही असाच गोल आहे, क्राइस्टचर्च ते क्राइस्टचर्च, काइकोरासकट. व्हिसा झालाय, प्रत्येकी १०० डॉलर ती पर्यटकांवरची लेव्ही पण भरून झाली. हा धागा वाचून पोटात गोळा आला. काय बदलू?

---

सानपाडा_कट्टा | रविवार, सकाळी ९.३८

धागाकर्त्याशी पूर्ण असहमत. आम्ही दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत गेलो होतो, कॅम्परव्हॅन, सोळा दिवस, फक्त दक्षिण बेट. आयुष्यातली सर्वांत भारी ट्रिप. पाऊस आम्हालाही लागला. चार दिवस. गाडीतच कांदाभजी केली. देशाला नावं ठेवण्याआधी आपण काय केलं ते बघावं माणसाने.

---

कासारवडवलीकर | रविवार, सकाळी १०.०२

@सानपाडा_कट्टा: सोळा दिवस. अहो, दिवाळीची सुट्टी आणि चार सीएल जोडून माझे अकरा झाले, त्यातले दोन विमानात. मुलीचे क्लास, बायकोची बँक. आणि देशाला नावं ठेवलेली नाहीत, परत वाचा.

@नेरूळ_पश्चिम: हे सगळं शाळेत होतं ना हो? प्रतिरोध पर्जन्य. गाळलेल्या जागा भरल्या होत्या. तिकीट काढताना एकदाही आठवलं नाही.

---

ऐरोली_सेक्टर_आठ | रविवार, सकाळी १०.३०

कासारवडवलीकरांची बाजू घेतो. "कमी ठिकाणं करा, निवांत राहा" हे सांगणं सोपं आहे. ज्याला दरवर्षी जाता येतं त्याने तीन दिवस एका तळ्याकाठी बसावं. आपल्याला माहीत असतं की एवढ्या लांब पुन्हा येणं नाही. मग माणूस लग्नातल्या बुफेसारखं करतो, सगळं थोडं थोडं वाढून घेतो आणि शेवटी ताटात श्रीखंड आणि मंचुरियन एकत्र होतं. मी २०१७ ला युरोपात हेच केलं. मला आजही कुठलं चर्च कुठल्या गावातलं ते सांगता येत नाही.

---

दक्षिणायन | रविवार, दुपारी १२.४५

मूळची कळव्याची, अकरा वर्षं क्राइस्टचर्चला आहे. इथल्या रविवारची संध्याकाळ, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी डिझेल. इथे पेट्रोलच्या दरात रस्त्याचा कर धरलेला असतो, डिझेलच्या दरात नसतो. म्हणून डिझेल गाड्यांना किलोमीटरप्रमाणे रोड युजर चार्ज, साध्या गाडीला हजार किलोमीटरला ७६ डॉलर. भाड्याच्या गाडीच्या करारात हे लिहिलेलं असतं, कोणी वाचत नाही. लांब फिरायचं असेल तर भाड्याबरोबर हे धरून हिशोब करायचा.

हिमनदी. तुम्ही ज्या फोटोंवर भाळलात ते बहुधा पंधरा-वीस वर्षांपूर्वीचे. शेजारची फ्रान्झ जोसेफ हिमनदी १९८३ ते २००८ या काळात चक्क पुढे सरकत होती, त्यामुळे दरीतून चालत बर्फाला हात लावता यायचा. त्यानंतर ती अशी भराभर मागे हटली की २०१२ पासून दरीतून चालत बर्फावर नेणं बंद झालं, आता फक्त हेलिकॉप्टर. नेटवर मात्र अजून तेच जुने फोटो फिरतात. तुम्ही फसलात याचं नवल नाही. मी स्वतः २०१५ मध्ये सासू-सासऱ्यांना घेऊन गेले होते, सासरे म्हणाले, "ते तिथे लांब राखाडी दिसतंय तेच का?"

आता थोडं रागावते, चालेल ना? एकपदरी पुलांवर छोटा लाल बाण ज्याच्या बाजूला त्याने थांबायचं, हे तुम्ही पाळलं असेल असं धरते. पण मागे गाड्यांची रांग लागली तर डावीकडे जागा बघून त्यांना जाऊ द्यायचं, हे पर्यटक करत नाहीत. आणि काही जण उलट, उशीर झाला म्हणून वळणावर ओव्हरटेक करतात. इथले लोक हॉर्न मारत नाहीत. सरळ मोबाइलवरून स्टार ५५५ लावून पोलिसांना गाडीचा नंबर देतात. दिवसात पावणेपाचशे किलोमीटर, पावसात, शेवटचे दोन तास थकलेल्या अवस्थेत, हे ऐकूनच मला धडकी भरली. बरोबर वडील आणि मुलगी होती तुमच्या.

---

पाचपाखाडी_प्रॉपर | रविवार, दुपारी १.१०

स्टार ५५५ आपल्याकडे माजिवड्याला सुरू केलं तर एक्सचेंज जळून जाईल.

---

कासारवडवलीकरीण | रविवार, दुपारी ३.३०

नमस्कार. मी धागाकर्त्याची बायको. हा आयडी आत्ताच, खास या धाग्यासाठी काढलाय. लेकीने लिंक पाठवली, "आई, बाबांनी काय लिहिलंय बघ" म्हणून. ह्यांना अजून माहीत नाही, ते झोपलेत.

यांनी लिहिलेलं सगळं खरं आहे. पण जे लिहिलं नाही तेही लिहायला हवं.

लिंडिस पास म्हणून एक घाट लागतो, माउंट कुकहून क्वीन्सटाउनला जाताना. दोन्ही बाजूंचे डोंगर पूर्ण सोनेरी गवताचे. झाड एकही नाही. ढगांतून मध्येच ऊन पडत होतं आणि ते ऊन त्या गवतावरून सरकत होतं, कोणी हात फिरवावा तसं. मी म्हटलं, पाच मिनिटं थांबू या. उत्तर आलं, "गवत आहे ते." गाडी थांबली नाही.

मिलफर्ड. हे बोटीत खालच्या मजल्यावर बसून फोनवर पावसाचं रडार बघत होते. नेट नव्हतं तरी बघत होते. मी, लेक आणि आबा वर डेकवर. तिथे कायमचे मोठे धबधबे दोनच आहेत म्हणे, बोवेन आणि स्टर्लिंग. बोवेन १६२ मीटरचा. पण पाऊस पडला की त्या उभ्या कड्यांवरून शेकडो नवे धबधबे सुटतात आणि पाऊस थांबला की काही तासांत नाहीसे होतात. आम्ही मोजायला सुरुवात केली, साठनंतर सोडून दिलं. काही तर खाली पोचतच नव्हते, वाऱ्याने मध्येच उलटे वर उडत होते. आपल्याकडे नाणेघाटात होतं तसं. बोटीवरचा माणूस सांगत होता की कोरड्या दिवशी येणाऱ्यांना हे बघायला मिळत नाही. आबा चिंब भिजले होते आणि हसत होते. त्यांना असं हसताना मी सासूबाई गेल्यापासून पाहिलं नव्हतं. ह्यांच्या मते आम्हाला मिलफर्ड दिसलंच नाही.

होमर टनेल. पोपटाचं यांनी छान लिहिलंय. पण त्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा आबांनी खाली उतरून बोगद्याचं तोंड बघितलं. आत अस्तर नाही, नुसता फोडलेला कातळ, पाणी ठिबकतंय, आणि आतला रस्ता सरळ उतरता. १९३५ साली पाच माणसांनी कुदळ-फावडं आणि ढकलगाड्या घेऊन कामाला सुरुवात केली, वाहतूक १९५४ ला सुरू झाली, असं लेकीने फोनमध्ये आधीच उतरवलेलं वाचून दाखवलं. आबा कसाऱ्याच्या घाटाबद्दल बोलायला लागले, पहिल्यांदा रात्रपाळीची गाडी कशी उतरवली ते. तेवढ्यात सिग्नल हिरवा झाला आणि आमचे हे "बसा, बसा, अकराची बोट आहे" म्हणून ओरडले. गोष्ट अर्धीच राहिली. अख्ख्या ट्रिपमध्ये एक्सेलमध्ये नसलेला थांबा तो एकच, आणि तोही सिग्नलने दिलेला.

आणि मला जे खरं लागलं ते हास्टच्या पुढे. नाइट्स पॉइंट म्हणून समुद्राकाठी एक जागा आहे. तिथे १९६५ मध्ये हा रस्ता जोडला गेला, त्याची पाटी आहे. आबा म्हणाले, "रस्ता कोणी बांधला ते वाचू दे." ह्यांनी घड्याळ बघून सांगितलं, "चार मिनिटं." आबा अर्धी पाटी वाचून परत आले. गाडीत बसल्यावर एवढंच म्हणाले, "एसटीसुद्धा चहाला थांबते रे."

त्यानंतर हॉकिटिकापर्यंत गाडीत कोणी बोललं नाही. वायपरचा आवाज तेवढा. म्हणून त्यांच्या लक्षात वायपर राहिलाय.

---

नेरूळ_पश्चिम | रविवार, दुपारी ३.५५

नाणेघाटातला उलटा धबधबा! वर्गात सांगायला हेच उदाहरण हवं होतं. तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला.

---

वाचनमात्र | रविवार, दुपारी ४.०२

धागाकर्ते झोपेतून उठले का?

---

ऐरोली_सेक्टर_आठ | रविवार, दुपारी ४.१०

मी वर त्यांची बाजू घेतली होती. ती मागे घेत नाही, पण खुर्ची जरा मागे सरकवतो.

---

दक्षिणायन | रविवार, दुपारी ४.२०

@कासारवडवलीकरीण: आबांना सांगा, ज्याच्या नावाने तो नाइट्स पॉइंट आहे तो नाइट म्हणजे रस्त्याची मोजणी करणाऱ्या सर्व्हेअरचा कुत्रा होता. आणि हास्ट नदीवरचा पूल त्यांनी पाहिला असणारच, सातशे मीटरहून लांब आणि तरी एकपदरी, मध्ये समोरच्याला जाऊ द्यायला फुगवटे ठेवलेत. एसटीच्या माणसाला तो आवडला असेल.

---

कासारवडवलीकर | रविवार, संध्याकाळी ६.१५

उठलो. वाचलं. चहा मिळाला, पण हातात दिला नाही, टेबलावर ठेवला.

काय लिहू. लिंडिसचं मला आठवतच नाही, हे खरं सांगतो. म्हणजे घाट आठवतो, पण नेव्हिगेशनवर दिसणारा पोचण्याचा वेळ आठवतो, पाच चाळीस. तो वेळ एक-एक मिनिटाने वाढत होता आणि माझं सगळं लक्ष त्या आकड्यावर. घोडबंदरला रोज ऑफिसला जाताना हेच करतो मी. गायमुखला आकडा लाल झाला की पोटात ढवळतं. ती सवय तशीच्या तशी तिकडे घेऊन गेलो बहुतेक. बूट धुऊन दिले त्यांनी, डोकं धुऊन देत नाहीत.

मिलफर्डच्या धबधब्यांचं कोणी मला सांगितलं नाही. (सांगितलं होतं म्हणे. दोनदा. मी "हो, हो" म्हणालो होतो.)

पाटीचं मात्र आठवतं. चार मिनिटं मीच म्हणालो होतो.

@दक्षिणायन: रांग लागल्यावर बाजू दिली नाही, कबूल. वळणावर ओव्हरटेक केला नाही, आबा शेजारी बसलेले असताना ते शक्यच नव्हतं. क्राउन रेंजच्या घाटात उतारावर त्यांनी मला ऑटोमॅटिक गाडीत खालचा गिअर टाकायला लावला, तो कसा टाकतात हे मला माहीतच नव्हतं. त्यांनी लीव्हर बघून ओळखलं.

---

सानपाडा_कट्टा | रविवार, संध्याकाळी ६.४०

सकाळी जरा जास्त बोललो. आमचेही पहिले पाच दिवस असेच गेले होते, आमच्याकडे पुढे अकरा उरले होते एवढंच.

---

खोपटकर_ताई | रविवार, रात्री ८.००

सगळं वाचलं, नवऱ्यालाही वाचून दाखवलं, विशेषतः तो दुपारचा प्रतिसाद. मला कोणीतरी नीट सांगा ना, दहा रात्रींचं काय करू?

---

दक्षिणायन | सोमवार, सकाळी ५.३०

ताई, मी असते तर काइकोरा सोडून दिलं असतं. देवमासे खरंच सुंदर, किनाऱ्याजवळच समुद्र एकदम खोल होतो म्हणून वर्षभर दिसतात, पण बेटाच्या दुसऱ्या टोकाला ते एकटं पडतं. टेकापो-माउंट कुक भागात तीन रात्री घ्या, म्हणजे एखादी तरी सकाळ आओराकी दर्शन देईल. डिसेंबरात लुपिन असतील. फोटो काढा, पण बिया आणू नका, इथे तो तण मानला जातो, नदीपात्रं गिळत चाललाय.

टे अनाऊला दोन रात्री. मिलफर्डला स्वतः गाडी चालवू नका, बसने जा. वरचं काचेचं छत असलेल्या बसेस असतात, तुमचे यजमानही बाहेर बघतील. वाटेत थांबतेही. पाऊस असला तर रद्द करू नका, उलट जा. सँडफ्लाय नावाच्या चिलटांसाठी मलम घ्या, ती पश्चिमेला सगळीकडे चावतात, पावसात कमी.

वानाका किंवा क्रॉमवेलला तीन. क्रॉमवेलला डिसेंबरच्या शेवटी चेरी झाडावरून तोडून खाता येतात, मुलं तिथून हलणार नाहीत. हिमनदीचं आधी बुकिंग करू नका. दोन दिवस आधी मेटसर्व्हिसचा, म्हणजे इथल्या हवामान खात्याचा, अंदाज बघा. पश्चिमेला पाऊस दाखवत असेल तर डोंगर ओलांडूच नका, पूर्वेलाच राहा. बाईंनी ताम्हिणी-म्हसवड सांगितलंय तेच.

उरलेल्या दोन क्राइस्टचर्चला. काळोख डिसेंबरात साडेनऊनंतर पडतो, म्हणून रात्री उशिरापर्यंत गाडी चालवायचा मोह होतो. करू नका.

---

खोपटकर_ताई | सोमवार, सकाळी ९.२०

खूप खूप धन्यवाद! काइकोरा रद्द केलं आत्ताच, थोडे पैसे कापले. मिलफर्डची बस बघतेय. नवरा म्हणतोय, बस म्हणजे मग मी काय करू. बाहेर बघ म्हटलं.

---

कासारवडवलीकरीण | सोमवार, रात्री ९.४५

पोपटाचा फोटो खाली देतेय, पाचपाखाडीकरांनी मागितला होता. लेकीने काढलाय. त्यात मागे खाली उतरून बोगद्याकडे बघत पाठमोरे उभे आहेत ते आबा.

आणि एक. काल रात्री जेवताना ह्यांनी विचारलं, "आबा, ती कसाऱ्याच्या घाटाची गोष्ट काय होती?" आबा म्हणाले, "आता जेवू दे." मग साडेबारापर्यंत सांगत बसले. कांदा-बटाट्याची ट्रक, धुकं, आणि ब्रेकचं पाणी. पूर्ण लिहायला वेगळा धागा लागेल.

---

वाचनमात्र | सोमवार, रात्री ९.५०

काढाच तो धागा.

---

खोपटकर_ताई | सोमवार, रात्री १०.०५

एक शेवटचा प्रश्न. कढीपत्ता वाळवून, पूड करून नेला तर चालतो का?

---

दक्षिणायन | मंगळवार, सकाळी ५.१०

फॉर्मवर लिहा आणि त्यांनाच विचारा. नाहीतर राहू दे, इथे माझ्याकडे कुंडीत आहे. क्राइस्टचर्चला आलात की कळवा.